‘शाई फेकली की झालं सुलेखन’ : फिरत्या दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

जमिनीवर पसरलेल्या भल्यामोठ्या कागदावर एक चिनी कलाकार झाडूएवढा कुंचला ओढतो आहे, पुढच्या दृश्यात दुसरा कोणी सिरिंजने शाई उडवतो आहे, आणि खाली साधारण असा मजकूर: “याला म्हणे सुलेखन! सिरिंज, झाडू आणि आरडाओरडा! एक अक्षर वाचता येत नाही. हे तर लहान मूलही करेल. अमेरिकन अमूर्त चित्रांची ही सरळ नक्कल आहे. चीनच्या नेटक्या, देखण्या लेखनपरंपरेचा यांनी बट्ट्याबोळ केला. आणि ही शाई चार वर्षांत उडून जाईल.” जगभर फिरणारा हा दावा शब्दांच्या थोड्या फरकाने मराठीतही वाचायला मिळतो. त्यातलं एक विधान अर्धं खरं आहे, बाकीची चूक आहेत. चूक का, ते कागद, शाई आणि तारखा समोर ठेवून पाहू.

आधी आमची भूमिका. प्रायोगिक चिनी सुलेखनातलं चांगलं काम बहुतेक वेळा एखादाच नियम जाणूनबुजून मोडतं आणि उरलेले नेहमीपेक्षा अधिक कसोशीने पाळतं. त्यामुळे समोरच्या कामात कोणता नियम मोडला आहे आणि कोणते शाबूत आहेत, हे शोधल्याशिवाय त्यावर मत देता येत नाही. पोस्ट लिहिणाऱ्याने मोडलेला नियम तेवढा पाहिला आहे.

“वाचता येत नाही, म्हणजे ते लेखनच नाही”

चिनी सुलेखनात पाच मुख्य शैली मानतात: शिक्क्यांवर आजही दिसणारी प्राचीन झ्वानशू, हान काळातली (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची) रुंद, आडवी लीशू, छापील अक्षरासारखी सुटी खायशू, थोडी वाहती शिंगशू आणि धावती त्साओशू. यातली त्साओशू भरभर लिहिताना आपोआप बिघडलेली खायशू नाही. तिच्यात प्रत्येक अक्षराचं संक्षिप्त रूप ठरलेलं असतं आणि ते वेगळं शिकावं लागतं. ‘ड्रॅगन’चं अक्षर जुन्या खायशूत १६ रेघांचं आहे, ‘घोडा’ १० रेघांचा. त्साओशूत घोडा जवळजवळ एका सलग वळणात संपतो. ते वळण चुकीच्या बाजूला गेलं तर अक्षर चुकतं किंवा दुसरंच होतं. सुन ग्वोतिंग यांनी ६८७ साली सुलेखनावर जो ग्रंथ लिहिला तो याच शैलीत आहे. ह्वायसू या भिक्षूचं ७७७ सालचं आत्मकथन आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. साडेसात मीटरच्या त्या गुंडाळीत १२६ ओळी आणि ७०२ अक्षरं आहेत, आणि आजचा सुशिक्षित चिनी वाचकही शेजारी छापील मजकूर असल्याशिवाय ती सलग वाचू शकत नाही. विसाव्या शतकात सुलेखक यू यौरेन यांनी ही रूपं सर्वांना वाचता यावीत म्हणून प्रमाण त्साओशूचा घाट घातला. तिचं पहिलं पुस्तक १९३६ साली निघालं. म्हणजे वाचायला अवघड असणं ही अडचण तेराशे वर्षांची आहे आणि तेवढ्या काळात कोणी ह्वायसूला सुलेखनाबाहेर काढलेलं नाही. मोडी न येणाऱ्या मराठी माणसासमोर पेशवे दफ्तरातला कागद ठेवला तर त्यालाही एकमेकांत अडकलेली वळणंच दिसतात. तेवढ्यावरून तो कागद लेखन नाही असं कोणी म्हणत नाही.

आता पोस्टमधल्या चित्रफितींमध्ये नेहमी दिसणाऱ्या कामाकडे येऊ. वांग दोंगलिंग, जन्म १९४५, ज्यांगसू प्रांतातले, हांगझौच्या चीन कला अकादमीतले प्राध्यापक. त्यांच्या एका शैलीला ल्वानशू म्हणतात, म्हणजे गोंधळाचं लेखन. त्यात मजकूर खराच असतो: लाओत्से किंवा च्वांगत्से या प्राचीन तत्त्वज्ञांचा उतारा, थांग काळातली (सातवं ते दहावं शतक) एखादी कविता, हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र. प्रत्येक अक्षर त्साओशूच्या नियमाने, योग्य रेघाक्रमाने लिहिलेलं असतं. उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे जातात. मोडलेला नियम एकच: दोन अक्षरांमधली आणि दोन ओळींमधली मोकळी जागा. एक ओळ दुसरीवर चढते, अक्षर खालच्या अक्षरात शिरतं आणि मजकूर रेघांच्या जाळीत बुडतो.

हे करायला सोपं वाटतं, पण अडचण लगेच लक्षात येते. सुटी जागा असते तेव्हा तीच लिहिणाऱ्याला सांभाळून घेते, एखादं अक्षर डावीकडे कललं तर पुढच्यात भरपाई करता येते. ओळी एकमेकींवर चढवल्या की पांढऱ्या जागा आपोआप पडतात आणि त्या एकसारख्या आकाराच्या झाल्या तर सगळा कागद जाळीदार कापडासारखा सपाट दिसतो. म्हणून पुढची ओळ चढवताना कुठली फट बुजवायची आणि कुठली राखायची हे हात चालू असतानाच ठरवावं लागतं, तेही मजकुराचा क्रम न सोडता.

वाचता न येण्याचा दुसरा प्रकार याहून वेगळा आहे: जी अक्षरं अस्तित्वातच नाहीत ती लिहिणं. गू वेन्दा, जन्म १९५५, शांघाय. ते हांगझौच्या अकादमीत लू यानशाओ यांच्याकडे पारंपरिक निसर्गचित्रण शिकले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मोठ्या कागदांवर झ्वानशूच्या धाटणीची बनावट, उलटी, अर्धवट किंवा फुली मारलेली अक्षरं लिहिली. १९८६ साली शीआनमधलं त्यांचं प्रदर्शन सर्वसामान्यांसाठी बंद करण्यात आलं. निरर्थक रेघोट्यांमुळे कोणाला एवढी अस्वस्थता येत नाही. सांस्कृतिक क्रांतीतल्या, भिंतीवरच्या घोषणापत्रांचा काळ ताजा होता आणि घोषणेच्या आकाराचं, पण काहीच न सांगणारं अक्षर लोकांना नेमकं कळलं होतं.

शू बिंग यांचं ‘आकाशातलं पुस्तक’ (१९८७ ते १९९१) या वाटेवरचं सर्वांत शिस्तबद्ध काम. जवळपास चार हजार खोटी अक्षरं, प्रत्येक अक्षर खऱ्या चिनी अक्षरांच्या घटकांपासून जुळवलेलं, छपाईच्या एकेका लाकडी खिळ्यावर हाताने उलटं कोरलेलं. वळण जुन्या ग्रंथांच्या छापील अक्षराचं. पानांची चौकट, समासातल्या टिपा, अनुक्रमणिका, दोऱ्याची शिवण, निळी वेष्टनं, सगळं परंपरेबरहुकूम. फक्त अर्थ काढून घेतलेला. १९८८ साली बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात हे काम पहिल्यांदा मांडलं, तेव्हा छतापासून लांबलचक छापील पट्टे झुलत होते आणि खाली उघडे ग्रंथ मांडलेले होते. पाहणारा चिनी असेल तर तो वाचायला धडपडतोच, कारण घटक सगळे ओळखीचे असतात. ती धडपड उभी राहावी यासाठीच अक्षरं एवढी काटेकोर लागतात. एखादा घटक जरी ढिसाळ जुळवला असता तरी ती नुसती नक्षी झाली असती. म्हणून “वाचता येत नाही” ही इथे तक्रार होऊच शकत नाही. चार वर्षं खपून नेमकी तीच गोष्ट घडवलेली आहे.

“हे कोणीही करेल, लहान मूलही”

याचं उत्तर कागदावर आहे, म्हणून कागदापासून सुरुवात करू.

सुलेखनाचा खरा श्वेन कागद आन्ह्वेई प्रांतातल्या जिंग तालुक्यात होतो. निळ्या चंदनाच्या झाडाची साल आणि वालुकामय शेतातला भाताचा पेंढा ही त्याची दोन द्रव्यं (नाव चंदनाचं असलं तरी आपल्या चंदनाशी त्या झाडाचं नातं नाही). सालीचं प्रमाण सुमारे ४०, ६० किंवा ८० टक्के, त्यावर कागदाचे तीन दर्जे ठरतात. साल जास्त तितका कागद चिवट आणि ओला असताना फाटायला कठीण. या कागदाची पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००९ साली आली. नेहमीचा ‘चार फुटी’ ताव ६९ × १३८ सेंटिमीटरचा, सहा फुटी ९७ × १८० चा, आठ फुटी १२४ × २४८ चा.

महत्त्वाचा फरक कच्च्या आणि पक्क्या कागदाचा. पक्क्या कागदाला सरस आणि तुरटीचा हात दिलेला असतो, शाई वर बसते, बारीक चित्रकामाला तो योग्य. सुलेखन बहुतेक वेळा कच्च्या कागदावर होतं. त्यावर ओला कुंचला टेकवून थांबलात तर एका सेकंदात डाग कुंचल्याबाहेर पसरतो, तीन सेकंदांत टिपक्याचा गोळा होतो. खोडायची सोय नाही, वरून रंग देऊन झाकायची सोय नाही. रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवला तर ती दुरुस्ती कागद कायमची दाखवतो: कडा दुहेरी होते आणि मधला भाग मळकट पडतो.

शाई म्हणजे काजळी आणि प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस. काजळी तेलाची असेल तर काळा रंग तकतकीत आणि किंचित उबदार, पाइनच्या लाकडाची असेल तर मंद आणि निळसर. कांडी सहाणेवर थोड्या थोड्या पाण्यात, दाब न देता, उभी धरून उगाळतात. घाईने जोर लावून उगाळली तर कण जाड राहतात आणि रेघ खरखरीत दिसते. मोठ्या कामाला बाटलीतली शाईच वापरतात, कारण आठ फुटी तावाला पुरेल एवढी उगाळायला तास न् तास जातील. बाटलीची शाई बहुतेक वेळा दाट असते. तशीच वापरली तर कुंचला चिकटतो आणि रेघ मेलेली, एकरंगी होते. निम्म्याला निम्मं पाणी ही सुरुवात करायला बरी मात्रा. तिथून कागद पाहून कमीजास्त करायचं.

प्रायोगिक काम करणाऱ्यांना शिळी शाई आवडते. वाटीत उरलेली शाई एक-दोन दिवस ठेवली की सरस सडायला लागतो, वास येतो आणि काजळीचे कण एकमेकांना चिकटून जाड होतात. अशी शाई पाण्यात पातळ करून ओढली की कागदावर रेघ दोन भागांत फुटते: जड कण जिथे कुंचला गेला तिथेच बसतात आणि पाणी बाहेर पसरून फिकट करडी झालर देतं. कुंचल्याने नेमकी कोणती वाट घेतली ते या झालरीच्या आतल्या काळ्या गाभ्यात स्पष्ट दिसतं. त्यामुळे शिळी शाई चूक झाकत नाही, उलट उघडी पाडते. तिचा तोटा असा की सरस गेल्यामुळे काजळी कागदाला नीट धरून राहत नाही. अस्तर, म्हणजे मागून दुसरा कागद, लावताना ओल्या फडक्याखाली ती सुटते आणि पांढऱ्या जागेवर राखाडी धूर पसरतो.

कुंचल्यातही तसंच. वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या केसांचा कुंचला कडक, स्वतःहून सरळ होणारा, शिकाऊ हाताला सोपा. बकरीच्या केसांचा मऊ, पाणी खूप धरणारा, वळणावर लोळणारा. लांब केसांचा बकरीचा कुंचला तर वळवल्यावर परत टोकावर यायलाच तयार नसतो, त्याला बोटांनी आणि मनगटाने उभं करावं लागतं. वांग दोंगलिंग यांचे गुरू लिन सानझी (१८९८ ते १९८९) असाच लांब केसांचा कुंचला आणि भरपूर पाणी वापरत. जमिनीवरच्या मोठ्या कागदासाठीचा झाडूएवढा कुंचला ओला झाल्यावर बराच जड होतो. तो मनगटाने चालत नाही, खांदा, कंबर आणि पावलं हलवावी लागतात. लिहिणारा अक्षराच्या आत उभा असल्याने त्याला आपण काढत असलेलं अक्षर पूर्ण दिसतही नाही. आकार डोक्यात आधीच पक्का नसेल तर खालचा भाग हमखास वरच्यापेक्षा आकसतो. नवख्या माणसाच्या मोठ्या अक्षरात हा दोष पहिल्यांदा दिसतो. दुसरा दोष म्हणजे जाड, हाडं नसलेली, फुगलेली रेघ. जुन्या ग्रंथांत तिला ‘शाईचं डुक्कर’ असंच म्हटलं आहे.

ज्याला “कोणीही करेल” वाटतं त्याने हे करून पाहावं. एकपदरी कच्चा श्वेन कागद, तीन-चार सेंटिमीटर लांब केसांचा मिश्र केसांचा कुंचला, निम्म्या पाण्यातली शाई, कागदाखाली जाड लोकरी कापड. वीस सेंटिमीटरच्या दहा आडव्या रेघा ओढा. सुरुवातीला टोक उलट्या दिशेने किंचित दाबून रेघेत लपवायचं, मग कुंचला असा चालवायचा की टोक रेघेच्या मधोमध राहील, शेवटी थांबून टोक परत आत घ्यायचं. सावकाश ओढलेली रेघ सुजेल. घाईत ओढलेली रेघ कोरडी आणि एका बाजूला कातरल्यासारखी दिसेल, कारण टोक मधून निसटून कडेला गेलं. दोन्ही कडा सारख्या आणि शाई मध्यभागी गडद अशी एक रेघ साधली तर दुसरी तशीच काढून पाहा. ल्वानशूच्या एका कागदावर अशा शेकडो रेघा असतात, त्याही वळणांसकट.

अनुभवी नजर हे तपासते कशी, तेही सांगायला हवं. कच्च्या कागदावर दोन रेघा एकमेकींना छेदतात तेव्हा आधी काढलेली रेघ वर असल्यासारखी दिसते. पहिल्या रेघेच्या सरसाने आणि काजळीने धागे भरलेले असतात, म्हणून नंतरची शाई तिथे मुरत नाही आणि खालून गेल्यासारखी भासते. शाई मध्यम किंवा फिकट असेल तर हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. त्यावरून रेघांचा क्रम मागे मागे लावता येतो, आणि तो अक्षराच्या ठरलेल्या क्रमाशी जुळतो की नाही हेही. कोरड्या कुंचल्याच्या रेघेत मधून कागद डोकावतो, त्याला फेइबाय म्हणतात, म्हणजे उडतं पांढरं. त्यातल्या पांढऱ्या चिरा रेघेच्या दिशेने धावत असतील तर वेग खरा. चिरा विस्कटलेल्या, ठिपकेदार असतील तर कुंचला नुसता घासला आहे. शाई कधी भरली, कधी संपत आली, पुन्हा कधी भरली, हेही काळ्याचं कोरडं होत जाणं पाहून मोजता येतं. मुलाच्या रेघोट्यांत आणि कसलेल्या हातात फरक आहे का, हा प्रश्न मग मतावर सोडावा लागत नाही.

इथेच छ्यू झीज्ये (जन्म १९६९, फूज्येन प्रांत) यांचं काम आठवतं. वांग शीझी यांनी ३५३ साली लिहिलेली ‘लांतिंग’ची प्रस्तावना, ३२४ अक्षरांची, चिनी सुलेखनाचा सर्वोच्च नमुना मानतात. विद्यार्थी तिची नक्कल वर्षानुवर्षं गिरवतात. छ्यू यांनी १९९० ते १९९५ दरम्यान ती एकाच कागदावर हजार वेळा गिरवली. पन्नासेक वेळांनंतर कागद पूर्ण काळा झाला, पुढचं सगळं लेखन काळ्यावर काळं. सुरुवातीच्या पन्नास वेळांचं चित्रीकरण उपलब्ध आहे. शेवटचा काळा चौकोन कोणीही करू शकतो हे अगदी मान्य. पण काम त्या चौकोनात नाही. दृश्य निकालच काढून टाकला तर रोजच्या रियाजात काय उरतं, हे त्यांनी पाच वर्षं तपासलं, आणि ज्याला ‘लांतिंग’ गिरवता येत नाही त्याला ते तपासता येणार नाही.

“अमेरिकन अमूर्त चित्रांची नक्कल”

तारखा उलटं सांगतात. अमेरिकन चित्रकार मार्क टोबी १९३४ साली शांघायला जाऊन चिनी कुंचला शिकले, त्यांची ‘पांढऱ्या लेखना’ची चित्रं त्यानंतरची. जपानमध्ये सुलेखक मोरिता शिर्यू यांनी १९५१ च्या जूनमध्ये ‘बोकुबी’ मासिक सुरू केलं आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइनचं चित्र छापलं. पुढच्या वर्षी मोरिता, इनोउए युइची आणि इतरांनी बोकुजिन्काई हा गट काढला. म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी आणि उघडपणे चालू होती. चीनमध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात आधुनिक सुलेखनाचं पहिलं मोठं प्रदर्शन १९८५ साली भरलं, सुलेखक गू गान त्यातले एक प्रमुख. त्यांच्यापुढे पाश्चात्त्य चित्रं होती, पण त्याहून जवळचं उदाहरण जपानी सुलेखकांचं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकन कलाकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांचं प्रदर्शनही त्याच दालनात झालं आणि चिनी तरुणांवर त्याचा मोठा परिणाम झाला. प्रभाव नव्हता असं आम्ही म्हणत नाही. ‘सरळ नक्कल’ मात्र तंत्रातच शक्य नाही.

क्लाइनची मोठी काळी-पांढरी चित्रं तैलरंगातली, घरं रंगवायच्या रुंद ब्रशने केलेली. त्यातली बरीच लहान स्केचवरून मोठी केली आहेत आणि पांढरा भाग हा काळ्यावर पुन्हा पुन्हा चढवलेला रंग आहे. काळ्याची कड पांढऱ्याने कापून सरळ करता येते, दुसऱ्या दिवशी बदलता येते. सुलेखनात पांढरा भाग म्हणजे कोरा कागद. तो लावता येत नाही, परत आणता येत नाही. क्लाइनच्या चित्राला सुरुवातीचं टोक नाही, डोळा कुठूनही शिरतो. सुलेखनाच्या कागदाला उजवा वरचा कोपरा ही सुरुवात आहे आणि पाहणारा लिहिणाऱ्याच्या मागोमाग त्याच क्रमाने जाऊ शकतो. फोटोत दोन्ही सारखी दिसतात, कारण फोटो तेलाचा आणि कागदाचा फरक पुसून टाकतो.

“पूर्वी सगळं नेटकं आणि देखणं होतं”

हा मुद्दा लवकर संपतो. वर उल्लेखलेली ‘लांतिंग’ची प्रस्तावना हा खाडाखोड असलेला कच्चा मसुदा आहे. मूळ कागद हरवला आहे, पण थांग दरबारातल्या नकलाकारांनी त्या दुरुस्त्याही जशाच्या तशा उतरवल्या. यान झेनछिंग यांनी ७५८ साली बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला शोकमसुदा तर काटलेल्या ओळींनी आणि कोरड्या, फाटलेल्या रेघांनी भरला आहे, आणि तो श्रेष्ठ लेखनांत गणला जातो. थांग काळातले सुलेखक झांग शू दारू चढल्यावर केस शाईत बुडवून लिहायचे अशी नोंद थांग राजवटीच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकात फू शान यांनी तर मतच लिहून ठेवलं: कसबापेक्षा बोजडपणा बरा, लाघवापेक्षा कुरूपता बरी, गुळगुळीतपणापेक्षा तुटकेपणा बरा, बेतलेल्या मांडणीपेक्षा सरळ उद्गार बरा. अठराव्या शतकातले जिन नोंग कुंचल्याचं टोक छाटल्यासारखी चपट, लाखकामासारखी अक्षरं लिहीत आणि झेंग बानछ्याओ एकाच पानावर निरनिराळ्या शैलींची अक्षरं मिसळत. नेटकेपणा हा परंपरेतला एक प्रवाह आहे. शाळेत गिरवायला तो दिला जातो, म्हणून बाहेरच्याला तेवढाच दिसतो.

“शाई उडून जाईल”

काजळी म्हणजे कार्बन. ती उन्हाने फिकी पडत नाही. हजार वर्षांपूर्वीचे कागद आज काळेच आहेत. बिघडतं ते बाकीचं, आणि तिथे सावध राहायला हवं. तुरटी दिलेला पक्का कागद आम्लामुळे काळाने पिवळट आणि ठिसूळ होतो. कच्च्या कागदाला ही भीती कमी.

खरा धोका अस्तराच्या वेळी असतो. श्वेन कागद पातळ असतो, शाईच्या जागी आकसून सुरकुततो. म्हणून तो उलटा पसरून, पाण्याने सैल करून, मागून गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावतात, दुसरा कागद चढवतात आणि बोर्डवर ताणून आठवडाभर किंवा अधिक सुकवतात. काही स्वस्त बाटल्यांची शाई पूर्ण सुकल्यावरही पाण्यात सुटते. उपाय साधा आहे: लिहिण्याआधीच त्या शाईची एक रेघ त्याच कागदाच्या तुकड्यावर ओढून दोन दिवस सुकू द्यावी, मग ओल्या पांढऱ्या कापसाने टिपून पाहावी. कापूस काळा झाला तर ती शाई मोठ्या कामाला वापरू नये. काम आधीच झालं असेल तर काही महिने थांबतात किंवा कागद वाफवून शाई पक्की करतात. उष्णतेने चिकटणारी फिल्म हा शेवटचा पर्याय. ती पाण्याशिवाय चिकटते, पण पुढे कधी अस्तर बदलायची वेळ आली तर खळीसारखी सहज सुटत नाही. ॲक्रिलिक मिसळलेल्या शाईला हा त्रास नाही, पण तिने रेघेवर प्लास्टिकसारखी चकाकी येते आणि कागदात मुरण्याचा सगळा खेळ संपतो. पाण्याने दगडावर रोजनिशी लिहिणारे सोंग दोंग यांच्यासारखे कलाकार टिकणं हा नियमच मोडतात, १९९५ पासून. तिथे उडून जाणं ठरवलेलंच असतं.

“सिरिंज, झाडू, आरडाओरडा: हेच यांचं सुलेखन”

अर्धं खरं विधान ते हे. कार्यक्रमात शाई उडवणारे, ओरडत लिहिणारे, दोन्ही हातांनी लिहिणारे लोक चीनमध्ये आहेत, त्यांच्या चित्रफिती तिथेही पसरतात आणि त्यांच्यावर सर्वांत कडक टीका चिनी सुलेखकच करतात. अशा बाजारू खेळांना तिथे वेगळं, हेटाळणीचं नावही आहे. पोस्टने केलेली चूक अशी की एका चित्रफितीत तिने वांग दोंगलिंग आणि सिरिंजवाला शेजारी जोडले.

आमचा सिरिंजला आक्षेप अवजार म्हणून नाही. आक्षेप असा की दाबाने सुटलेल्या धारेत दाबणं-उचलणं नसतं. कुंचल्याच्या रेघेची जाडी हाताच्या उंचीवर ठरते, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कागदावर उमटतो. धारेची जाडी भोकावर ठरते. सुरुवात, मध्य आणि शेवट वेगळे राहत नाहीत, वळणावर टोक फिरवण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे एक नियम मोडला असं होत नाही, रेघ ज्यावर उभी असते ते सगळंच एकदम जातं आणि त्या जागी दुसरं काही ठेवलेलं नसतं. झाडूचं तसं नाही. त्याला केसांचा जाड गठ्ठा आणि टोक असेल तर तो मोठा कुंचलाच आहे.

म्हणून अशी चित्रफीत समोर आली तर लिहिण्याचं नाट्य बाजूला ठेवून सुकलेल्या कागदाचा जवळून घेतलेला फोटो शोधावा आणि वर सांगितलेले छेद, चिरा आणि टोकं पाहावीत. कागद कधीच दाखवत नसतील, फक्त हातवारे दाखवत असतील, तर संशय रास्त आहे. त्यानंतर त्याच माणसाने लिहिलेलं खायशूचं एखादं पान मिळतं का पाहावं. खायशूत वेग नसतो, त्यामुळे हात लपत नाही: प्रत्येक रेघेचं तोंड, कोपरा आणि शेवट सुटा दिसतो. वांग दोंगलिंग १९७९ साली हांगझौच्या अकादमीत सुलेखनाच्या पहिल्या पदव्युत्तर तुकडीत लू वेइझाओ आणि शा मेंगहाय यांच्याकडे शिकायला आले, तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते आणि जुन्या शैलींत तयार झालेले होते. ल्वानशू त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली.